पोकळ

मैताब मिस्त्रीनं आधी आठ दिवस
नुसता मुरूमच चोपला.
पाणी शिंपड, धुमस घाल, पुन्हा पाणी.
मी म्हणालो, शहाबादी कधी?
तो म्हणाला, खालचं बसू द्या.

मग नळीत पाणी भरून
या भिंतीचा निरोप त्या भिंतीला दिला,
उतार मोरीकडं, दोरी ताणली,
आणि एकेक फरशी
थापीच्या दांड्यानं ठोकून ऐकत गेला,
उदगीरच्या बाजारात
टरबूज ऐकावं तशी.

एक राहिली. चुलीपाशी.
"ही पोकळ बोलती. उपसून देतो,"
म्हणाला, आणि बिदरला गेला तो गेलाच.

परवा आला. पिशवीत छिन्नी, थापी.
बायको आडवी आली:
असू द्या.
रात्री लाईट गेली की
पायाखाली ती बोलती,
तेव्हा कळतं, माठ आला.