उसनं नाक

लाइपझिगच्या मालगाड्या जिथे वळण घेतात
त्या रुळांमागे आमची बाग, सत्तेचाळीस नंबरची.
बाग म्हणजे काय, एक लाकडी खोपटं,
सफरचंदाची दोन झाडं,
आणि कुंपणांची उंची टेपनं मोजत हिंडणारे
बागमंडळाचे अध्यक्ष, पेट्झोल्ड.

खोपटाच्या उत्तरेला ऊन फिरकत नाही.
इथे काही यायचं नाही, मी म्हणालो,
आणि गुडरूननं ऑक्टोबरात गुडघे टेकून
नेमके तिथेच लावले कोंब,
बोटाच्या पेराएवढे, फिकट, टोकाशी गुलाबी,
खाली मुळांची दाढी.
बाहेरच्या मुलखात म्हणे लिली ऑफ द व्हॅली.
आमच्याकडे दरी-बिरी नाही,
आम्ही म्हणतो मे महिन्याच्या घंटुल्या.
वर कुजक्या पानांचं पांघरूण घालून ती म्हणाली,
आता वाट बघायची.

पहिल्या वसंतात नुसती पानं.
दुसऱ्यातही पानं.
पेट्झोल्ड कुंपणावरून म्हणाले,
पालक झकास आलाय हं.
तिसऱ्या मेमध्ये एका दांडीवर सात घंटुल्या,
खाली मान घालून,
आणि गुडरून त्यांच्याहीपेक्षा खाली,
ओल्या मातीत आडवी, नाक लावून.
कसा आहे वास? मी विचारलं.
थांब, ती म्हणाली, अजून घेतेय.

मग त्यांनी कुणाचं ऐकलंच नाही.
जमिनीखालून चालत गेल्या,
फरशीच्या फटीतून डोकावल्या,
आणि एका वर्षी शिरल्या थेट
रानलसणीच्या वाफ्यात.

रानलसूण गुडरूनचा जीव की प्राण.
एप्रिलात ओंजळीनं खुडायची,
अक्रोडाबरोबर वाटून पावावर थापायची.
आणि दोघींची पानं अशी
की सख्ख्या बहिणी वाटाव्यात,
एक जेवू घालणारी, एक जीव घेणारी.
पान चोळायचं, हुंगायचं,
लसूण म्हणालं तरच टोपलीत.

मागल्या हिवाळ्यात तिला ताप आला.
ताप गेला, जाताना वास घेऊन गेला.
कॉफी गेली, साबण गेला,
माझी ग्रीस लागलेली गंजी गेली
(हे एक बरं झालं, ती म्हणते).
येईल परत कदाचित, डॉक्टर म्हणाले.
कदाचितची तारीख काही दिली नाही.

या एप्रिलात मी फावडं उचललं.
उपटूनच टाकतो सगळ्या.
ती काही बोलली नाही.
पायरीवर बसून बुटाची नाडी सोडली,
पुन्हा बांधली,
पुन्हा सोडली.
मी फावडं भिंतीला टेकवलं.

आता खुडणं असं चालतं:
ती पान चोळते, बोटं माझ्या नाकाखाली धरते.
मी म्हणतो, लसूण.
ती पुढचं धरते. लसूण. लसूण.
दहाव्या पानाला ध्यानात आलं,
वास तर तिच्या बोटांनाच लागलाय,
आता काहीही चोळलं तरी मी लसूणच म्हणणार.
अंगावर सरसरून काटा आला.
टोपली तिथेच उलटी केली.
बादली आणली. पान झालं की हात बुडवायचा,
मी तो माझ्या सदऱ्याला पुसायचा,
मग दुसरं पान.
आणि नाकावर न विसंबता मुळाशीही बघायचं:
लसणीचं पान आपापल्या देठावर एकेकटं,
घंटुलीची दोन पानं एकमेकींना बिलगून.
बघ, गुडरून म्हणाली,
जोडीनं येतात ती विषारी.
आणि माझ्याकडे बघून खुदकन हसली.

मे उजाडला. घंटुल्या एवढ्या की मोजल्या नाहीत.
तिनं मला खांद्याला धरून खाली बसवलं.
गुडघे कुरकुरले. नाक लावलं.
सांग, ती म्हणाली.
मी चाळीस वर्षं ट्रामचे ब्रेक दुरुस्त केले,
मला काय सांगता येणार?
म्हणालो, साबण. नाही.
लिंबाची साल. नाही, तेही नाही.
थंडीत, धुतलेल्या चादरीत
पहिल्यांदा पाय सरकवल्यावर होतं ना,
तसं काहीतरी.
पुढे? तिनं डोळे मिटले होते.
कुंपणापलीकडे पेट्झोल्डचा टेप
सर्रकन डबीत गेला.
थांब, मी म्हणालो,
अजून घेतोय.