अंदाजपत्रक

पहिल्या दवाखान्यात कॉफीचं यंत्र होतं,
भिंतभर हसऱ्या कुत्र्यांचे फोटो,
आणि काउंटरवरच्या मुलीनं माझ्याआधी
चिंधीचं नाव विचारलं.
आवडलं मला ते, खोटं कशाला बोलू.
मग तिनं अंदाजपत्रक छापून दिलं:
रक्त, लघवी, रक्तदाब, हृदयाचा स्कॅन,
'शक्य असल्यास' म्हणून आणखी तीन ओळी,
आणि तळाला एक आकडा,
जो मी सवयीनं शंभरानं गुणला.
गुणायला नको होता.

विमा होता.
दोन वर्षांपूर्वी महिन्याचे बावीस पाउंड जड झाले
तेव्हा मीच बंद केला,
फोडणी करपेल म्हणून फोनवर घाईघाईत.
आता नवा घेतला तरी जुनं दुखणं त्यात बसत नाही.

आईला सांगितलं. बार्शीहून म्हणाली,
"चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला."
मी म्हटलं, आई, मांजर आहे.
"मग चार आणेही नाहीत."

चिंधी माझी नव्हेच खरं तर.
सावनीनं आणली, सातवीत असताना,
आणि कार्डिफला शिकायला जाताना
सायकल, गिटार आणि ही
माझ्याकडे ठेवून गेली.
सायकल विकली मी. गिटार पलंगाखाली आहे.
ही रात्री अडीचला भिंतीकडे तोंड करून ओरडते,
दोन माणसांचं खाते आणि वाळत जाते.

कारखान्यात डेरेक म्हणाला, हॅडॉक सोलता सोलता,
"हॅलमबाईकडे जा, गोदीच्या मागे.
ती आधी हात लावते, मग यंत्र."
टोपली मोडलेली, म्हणून मासळीच्या निळ्या क्रेटमधून नेली.
एकूण ग्रिम्सबीत त्या दिवशी
तिच्याइतकं खूश कुणी नव्हतं.

हॅलमबाईनं पुरणात गाठ राहिली का बघावी
तशी दोन बोटं गळ्यावरून फिरवली.
माझं बोट धरून तिथे टेकवलं.
तुरीच्या डाळीएवढं काहीतरी
कातडीखाली सरकलं.
"थायरॉइड. एक रक्त तपासू, खात्रीला.
स्कॅन मागाहून, लागलाच तर."
मग माझ्याकडे पाठ करून
हात धुता धुता तिनं विचारलं,
"महिन्याला किती जमेल?"

एकवीस वर्षं इथे आहे.
कार्ड की रोख, एवढंच विचारलंय मला सगळ्यांनी.
मी म्हटलं, पन्नास.
नळ चालूच होता.
मग म्हटलं, तीस.
तिनं मान हलवली आणि चिठ्ठी लिहून दिली:
गोळ्या बाहेरून घे, माझ्याकडे महाग पडतील.
चिठ्ठीचे वेगळे पैसे आहेत, ते मात्र द्यावे लागतील.
आणि एखाद्या महिन्यात तीसही नाही जमले
तर गोळी अर्धी करू नकोस मनानं,
येऊन सांग.

बाहेर वारा होता, क्रेट जड नव्हता.
मला कशाचा राग आला होता कोण जाणे,
बसथांब्यापर्यंत तो पुरला.

सावनीनं कॅफेतल्या पगारातून पंधरा पाठवले.
वहीत भाडं, गॅस, आणि तिसरी ओळ नुसती 'चिं.'
सकाळ-संध्याकाळ गोळी, माशाच्या तुकड्यात.
पहिले चार दिवस तिनं मासा खाल्ला
आणि गोळी माझ्या चपलेत ठेवली.

सहा आठवड्यांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर
आधी परात, मग परातीत चिंधी.
तीन किलो शंभर. होती दोन नऊशे.
दोनशे ग्रॅम.
या भावानं मी आयुष्यात काही घेतलं नव्हतं,
केशरसुद्धा नाही.

रविवारी आईनंच विचारलं,
"किती भरली?"
सांगितलं.
पलीकडे जरा वेळ काहीच नाही, मग,
"मसाला लागू पडला म्हणायचा."

तेवीस तारखेला पुन्हा रक्त आहे.
त्याचे पैसे अजून काढायचेत.