काटा हलेपर्यंत

एर्मोसियो. दुपारचे चार. सावलीत चव्वेचाळीस.
निकानोर बॉनेटमध्ये कोपरापर्यंत बुडालेला
आणि गाडीची मालकीण, दोन्या एदुविहेस,
उलट्या बादलीवर बसून सांगतेय:
शनिवारी तीन मजली केक पोचवायचाय, लग्नाचा.
गेल्या खेपेला चर्चच्या दारात
वरचा मजला खालच्याच्या मांडीवर येऊन बसला होता.

"गॅस भरून दे ना. मागच्या वर्षी भरलास तसा."
"मागच्या वर्षीचा गेला कुठे, ते तरी विचारा."

जांभळा दिवा धरला की सांध्यावर हिरवं चमकतं.
पितळी आकड्यानं तो तिथलं रबरी कडं उकरतो,
नखाएवढं. एका अंगानं चपटं,
वाकवलं तर बिस्किटासारखं मोडणारं.
वाटोळेपण गेलं
की वाटोळंच होतं.

नवं कडं तेलाच्या थेंबात लोळवायचं,
पीळ पडू न देता बसवायचं,
नट आधी बोटांनी. पाना शेवटी, तोही जरासाच.
अकरा सांधे, अकरा कडी.
त्यातलं एक निसटून गडगडत जातं,
सापडेपर्यंत दोघंही गुडघ्यांवर.

मग पंप लावून आतली हवा ओढून घ्यायची
आणि पंप बंद करून बसायचं. अर्धा तास.
काहीच घडू नये म्हणून ताटकळलेली
दोन माणसं, शेजारचं एक कुत्रं.

विसाव्या मिनिटाला एदुविहेस पुढे वाकते.
"हलला?"
निकानोर काचेवर टिचकी मारतो.
"तुम्ही बोलू नका," तो म्हणतो,
"तुम्ही बोललात की हलल्यासारखा वाटतो."