सव्वीस

माझगावच्या पतपेढीचा जिना चढताना
गुडघ्यांनी एक्क्याण्णव साल मोजून दाखवलं.
प्रोग्रॅम माझाच, पास्कलमधला.
गोदीकामगारांच्या ठेवींची फाईलही माझीच.

ओजस कुडतरकर, नवा मुलगा, म्हणाला,
"मॅडम, एकेचाळीसच नावं. पुढे फाईल संपते."
काळ्या पडद्यावर नावं आणि रकमांच्या जागी
बदाम, किलवर, एखादा हसरा चेहरा,
जणू ठेवींवर कुणी पत्ते पिसले.

संपत नाही रे, तू ती वाचत गेलास.
टेक्स्ट फाईल पत्रासारखी, ओळीमागून ओळ;
ही खणांची. प्रत्येक खण सदतीस बाइटचा,
नावाला एकतीस, पैशाला सहा.
खातेनंबर लिहिलाच नाही,
कितवा खण, तोच नंबर.

आणि पास्कल नावाआधी नावाची लांबी लिहितं.

बेचाळिसावा कोण, ते मला न बघता आठवलं.
झेंडी दाखवून क्रेन थांबवायचा तो.
बाकी सगळ्यांनी बापाचं एकेक अक्षर दिलं होतं,
हा टेबलाशी उभा राहिला, टोपी हातात:
"बाई, वडलांचं नाव पुरं लिवा."

भिकाजी राजाराम तळवडेकर.
रोमन अक्षरांत, मधल्या मोकळ्या जागा धरून
सव्वीस.

आणि सव्वीस हा आकडा टेक्स्ट म्हणून वाचला
तर त्याचा अर्थ एकच: इथे संपलं.
त्याच्या पहिल्या अक्षराच्याही आधी
फाईलने हात वर केला, आणि मागचे
दोनशे सत्तर जण तसेच लटकत राहिले.

"मग वडलांचं नाव काढून टाकू?" ओजसने विचारलं.
मी उत्तर दिलं नाही. चष्मा पुसला.
फाईल खणांची म्हणून उघडली,
एकेचाळीसवर उडी मारली (मोजणी शून्यापासून),
आला. चार हजार तीनशे दहा रुपये, वीस पैसे.

त्याच्यापुढचा खण शाबू केणीचा.
रोमनमध्ये दहाच अक्षरं, लांबी दहा, तेवढंच वाचायचं.
पण खण कधी कुणी पुसला नव्हता,
आणि केणीच्या नावामागे, न मोजलेल्या घरांत
अजून पडून होतं
जाराम तळवडेकर.

ओजस पडद्याजवळ वाकला.
खाली गोदीत भोंगा झाला. जेवणाचा असावा.