बोटाच्या पेराएवढं

एलियावाच्या बाजारात, बोंदोच्या टपरीवर
लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवले होते ते,
काळे, नखाएवढे, एकमेकांत मिसळलेले.
मी एक उचलला. चिमटीत मावला.
'भिंत कशाची?' बोंदोनं विचारलं.
दगडाची.
'किती?'
दोन. आणि मध्ये जिना.

मग त्यानं मी उचललेला परत बरणीत टाकला.
म्हणाला, हा पाच गिगाहर्ट्झचा, हरणासारखा पळतो,
पण भिंत दिसली की बसकण मारतो.
हा दुसरा घ्या, जुन्या चालीचा,
रेड्यासारखा हळू, तरी दगडातून वाट काढेल.
खोक्यावरचं नाव वाचू नका,
आतली चिप कुठली ते विचारा,
आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?
बावीस लारी. घासाघीस केली, वीसला दिला.

चियातुरापर्यंत मिनीबसमध्ये तो कोटाच्या खिशात,
किल्ली आणि खोकल्याच्या गोळीबरोबर.
प्रत्येक वळणावर चाचपून पाहिला.
वीस लारीची वस्तू, पण हरवली असती तर
शोधायला भिंग लागलं असतं.

घरी आल्यावर खोचला. निळा दिवा एकदा मिचकावला.
संगणक म्हणाला, ओळखत नाही.
ड्रायव्हर हवा.
खोक्यात तळहाताएवढी चकती होती,
माझ्या संगणकाचा चकतीचा खण मात्र
कुठल्याशा हिवाळ्यापासून उघडतच नाही.
ड्रायव्हर इंटरनेटवर आहे.
इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा.
इथंच घोडं पेंड खातं.

एकतीस वर्षं मँगनीजच्या खाणीचे नकाशे काढले मी.
एकदा तळाच्या बोगद्यात पाणी भरलं
आणि पंप होता पाण्याखालीच.
तेव्हाही असंच सगळे
एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे होतो.

दोरावरच्या डब्यात बसून वर वाचनालयात गेले.
नेस्तानी नावाची पोर म्हणाली,
बत्तीस बिट की चौसष्ट?
मला काय ठाऊक. बुद्धिबळाचा पट आठवला,
ठोकून दिलं, चौसष्ट.
पेन ड्राइव्ह घेऊन खाली आले. चुकलं होतं.
पुन्हा डबा, पुन्हा नेस्तानी, पुन्हा खाली.
पोती गावच्या नोदारशी अर्धवट राहिलेल्या डावासाठी
एवढी पायपीट
मी तरुणपणीही कुणासाठी केली नव्हती.

मग पडद्यावर नावं उगवली.
बेकरीचं. दवाखान्याचं, कुलूप लावलेलं.
आणि सगळ्यात ठळक: लामारा.
शेजारच्या दारातली. अकरा वर्षं आमचं बोलणं नाही,
गळक्या पाइपवरून सुरू झालं होतं, पुढचं आठवत नाही.

दार वाजवलं. तिनं ऐकून घेतलं,
एक शब्द न बोलता आत गेली.
मी जिन्यात उभी. वाटलं, झालं, संपलं.
आली ती आंबट आलुबुखाऱ्याच्या चटणीची बाटली घेऊन.
झाकणावर पेनानं आकडे लिहिलेले.
माझ्या हातात दिली, दार लावलं.

दिव्याखाली धरून वाचले.
पाच आकडे, आणि तेच पुन्हा.
आमचा जुना फोन.
कधीचा कापून टाकलेला.
तिच्याकडे फोन नव्हता तेव्हा
तिच्या मुलाचे फोन आमच्याकडे यायचे,
आणि मी याच भिंतीवर मुठीनं तीनदा ठोकायची.

टाइप केले. लागलं.
एकच पट्टी.
संगणकाच्या पाठीमागे, पत्र्याच्या आड
बिचाऱ्याला काही दिसतच नव्हतं.
मीटरभर वायर जोडून बाहेर काढला,
कॅलेंडरच्या खिळ्याला टांगला,
तिच्या भिंतीकडे तोंड करून.
दोन पट्ट्या. वायर थोडी पिळली, तीन.

नोदारनं घोडा हलवला आहे.
विचार करते आहे.
खिळ्यावर निळा ठिपका लुकलुकतो,
पलीकडे कपबशीचा आवाज येतो.
चौथी पट्टी काही येत नाही.
दगड आहे शेवटी.