झिरोचा बल्ब

एकतीस वर्षं मी लोकांची मीटरं वाचली.
राबोडी, विटावा, कोलशेत;
जिन्याखाली, संडासामागे, कोंबड्यांच्या खुराड्यावर चढून,
टॉर्च दातांत धरून.
आकड्यांवरून घर कळतं.
कुणाकडे बाळंतीण आलीय, कुणाची मुलगी बारावीला,
कुणी रात्रभर दिवा लावून बसतं, ते मात्र कशाला, कळत नाही.
कुणाचं कुणाला सांगितलं नाही कधी.

आता एक पोरगा येतो,
मोबाईलवर फोटो काढतो, जातो.

निवृत्तीनंतर माझ्याकडे उरलं एकच मीटर,
खारेगावातलं, माझंच.
म्हणून ऑगस्टात घरातले पाचही बल्ब उतरवले,
साठचे चार, पॅसेजमधला चाळीसचा एक.
जैसवारच्या दुकानातून एलईडी आणले,
नऊ वॅटचे चार, पाचचा एक.
तासभर जळले तरी बोटाला चटका नाही.
कुमुदिनी म्हणाली, "उजेड आहे, पण दवाखान्यातला."
मी म्हटलं, "होईल सवय,"
आणि वहीत मांडलं: दिवसाला आठ तास धरले
तर महिन्याला सत्तावन्न युनिट खाली.

बिल आलं. उतरले होते अठ्ठावीस.

दुसरा कुणी म्हणाला असता, असेल काहीतरी.
मी दुपारी ती आडवी झाल्यावर सगळं बंद केलं.
फ्रिजची पिन काढली, टीव्हीचा डबा, राउटर,
दारावरच्या बेलकडेसुद्धा संशयानं पाहिलं,
आणि स्टूल घेऊन जिन्याखाली मीटरसमोर बसलो.
पूर्वी आत चकती फिरायची,
काळी खूण समोरून गेली की एक फेरा.
आता लाल ठिपका लुकलुकतो;
बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट.

घरात काही म्हणजे काही चालू नव्हतं
आणि ठिपका लुकलुकत होता.
अठ्ठावीस सेकंदांनी एकदा.
पुन्हा अठ्ठावीस.
कुणीतरी गाढ झोपेत असावं तसा.

अठ्ठावीस सेकंद म्हणजे चाळीस वॅट.
चाळीस वॅट म्हणजे पॅसेजमधला.
भंगारवाल्यासाठी ठेवलेल्या खोक्यात चारच बल्ब होते.

सापडला तो तिच्या कपाटात,
साड्यांच्या खालच्या कप्प्यात, फळीला टांगलेला,
वायर मागच्या भोकातून घेतलेली, टेप लावून, नीट.
मी शिकवलं नव्हतं हे तिला.
शेजारी तिची पेटी,
बोटांना संधिवात धरल्यापासून सहा वर्षं मिटलेली.

"खाडीची हवा," ती मागून म्हणाली. झोपली नव्हतीच.
"भात्याला बुरशी येते. सूर चिकटतात.
तुमच्या नव्या दिव्यांना ऊबच नाही, त्याला मी काय करू?"

शंभरातला पाचच भाग उजेड, बाकी नुसती उष्णता, वाया,
हे मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोनदा समजावलंय,
फळ्यावर, खडूनं.
पेटीवर हात ठेवला. लाकूड कोमट होतं,
ताप उतरलेल्या पोराच्या पाठीसारखं.

चाळीसचा कपाटात नको, पदर लागला तर पेटायचा,
म्हणून जैसवारकडून झिरोचा आणला.
नाव झिरो, खातो पंधरा वॅट,
हे आयुष्यभर सांगत आलो, कुणाला पटत नाही.
महिन्याला अकरा युनिट.
वहीत वेगळा रकाना आखला आणि वर लिहिलं: पेटी.

त्या रात्री खात्री करायला पुन्हा सगळं बंद केलं,
खाली गेलो.
हिशेबानं पंचाहत्तर सेकंद यायला हवेत.
ठिपका लुकलुकला; मोजायला लागलो.
चाळिसाच्या पुढेमागे वरून, अंधारातून,
भाता ओढल्याचा आवाज,
मग एकच सूर. कापरा. तुटला.
पुन्हा धरला.

टेमघरे बाई भाजीची पिशवी घेऊन जिन्यात थांबल्या.
"तुमच्याकडे लाईट गेली का हो?"

आकडा केव्हाच सुटला होता.
"नाही," मी म्हटलं. "आहे की."