वाढदिवसाची फांदी

हाव्हिर्झोवमध्ये समुद्र नाही.
कोळसा होता, आता तोही नाही.
चौथ्या मजल्यावर, आमच्या बैठकीच्या खोलीत मात्र
तीनशे लिटर खारं पाणी आहे,
आणि त्याच्या निळ्या उजेडात लुबोरचा चेहरा
खाणीतून वर यायचा तेव्हा असायचा तसा,
फक्त डोळे आणि दात.

मी त्या टाकीला कधी हात लावला नाही.
विजेचं बिल तेवढं वाचून दाखवायचे, मोठ्यानं.
बाहेर उणे अकरा, पोवळ्यांना पंचवीस अंश,
आणि मी स्वयंपाकघरात दोन स्वेटर घालून.
विकतचं दुखणं, म्हणायचे.

जानेवारीत त्यानं हाक मारली.
"फांदीचा रंग उडतोय. का, ते दिसत नाही मला."
भिंग माझ्याकडे दिलं.

बत्तीस वर्षं मी कारखान्यात बटणं तपासली.
चिरलेलं, फिकटलेलं, भोक सरकलेलं,
पट्ट्यावरून जाता जाता उचलायचे.
मला दिसलं.
निळ्या फांदीवर फिकट गोल डाग,
एकाच मापाचे, एकाशेजारी एक,
कुणीतरी शांतपणे जेवून पुढे सरकल्यासारखे.
जेवणारा मात्र दिसेना.
तो फांदीचाच रंग पिऊन फांदीवर पसरलेला.

बादलीत टाकीचंच पाणी, त्यात आयोडिन,
फिक्क्या चहाच्या रंगाचं.
फांदी बुडवली, लुबोरनं पिचकारी मारली,
आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखं काहीतरी
सुटून गोल गोल खाली गेलं.
मग दुसरं.
मग मोजणं.

अंडी औषधाला दाद देत नाहीत.
बुडाशी, जिथं मांस जाऊन नुसता सांगाडा उरलाय,
तिथं ती चिकटवलेली असतात,
तपकिरी, खसखशीहून बारीक.
ती खरवडायची.
लुबोरचे हात ड्रिलनं कायमचे हलते करून ठेवलेत,
कप बशीवर ठेवला तरी शेजारच्यांना कळतं.
म्हणून खरवडते मी,
विणकामाच्या सगळ्यात बारीक सुईनं,
श्वास धरून.
तो माझ्या मागे उभा राहून
माझ्याऐवजी श्वास घेतो, शिट्टीसारखा.

दर सहा दिवसांनी पुन्हा.
एखादं अंडं राहिलं, की सगळं पहिल्यापासून.

हिशेब तो पाळीच्या जुन्या वहीत लिहितो,
जिच्यात पूर्वी वायू मोजून लिहायचा.
एकेचाळीस.
सतरा.
एकोणीस (त्या दिवशी दोघंही जेवलो नाही).
सहा.

आता जे सांगायचं ते.
नोव्हेंबरमध्ये तो पासष्ट वर्षांचा झाला.
मी टेशीनला गेले, गाडीनं, त्याला न सांगता,
आणि एका पोराकडून ही फांदी आणली.
पिशवी कोटाच्या आत, छातीशी धरून,
पाणी गार होऊ नये म्हणून.
लुबोरला इतकं हसताना
मी खाण बंद झाल्यापासून पाहिलं नव्हतं.
"टाकीत सोडण्याआधी औषधात बुडवून घ्या,"
पोरगा म्हणाला होता.
दोनदा म्हणाला होता.
मी घरी येऊन म्हटलं, सगळं झालंय, सोड.
भेटवस्तूला कोण औषधाची आंघोळ घालतं?

वहीत प्रत्येक पोवळ्याला एक ओळ आहे.
नाव, तारीख, कुठून आलं.
या फांदीसमोर तारीख आहे, नोव्हेंबरची.
तिसरा रकाना कोरा.
इतक्या वर्षांत त्यानं एकही रकाना
कोरा सोडलेला नाही.
आणि पहिले डाग याच फांदीवर होते,
हे त्याला भिंगाशिवायही कळतं.

आज वाडग्यात दोनच निघाले.
एक तर इतका लहान,
की मी तो हिशेबात धरू का, असं विचारलं.
"धर," म्हणाला.
मी भिंग पुसलं, वही ओढली
आणि त्याच्याकडे पेन मागितलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे.
"आधी बादली उचलू," म्हणाला.
"तू त्या बाजूनं धर."